गळका नळ

आमच्या गावापासून समुद्र कुठल्याही बाजूला
दोन दिवसांच्या गाडीवर.
इथे साखरबीटचे ढीग, ढिगांवर वाफ,
आणि जानेवारीत पापण्या एकमेकींना चिकटतात.
तरी मारितने आरमार निवडलं.
व्हर्लिन म्हणाला, तिला पोहता तरी येतं का?
येत होतं. त्याला ठाऊक नव्हतं इतकंच.

दर महिन्याला एक खोका.
पत्त्यात गाव नसतं, देश नसतो,
नुसती अक्षरं, आकडे आणि जहाजाचं नाव.
कस्टमच्या कागदावर व्हर्लिन सगळं खरं लिहितो:
लोकरी मोजे, चार जोड, बावीस डॉलर.
शेंगदाण्याचं लोणी, दोन बरण्या.
माझ्या मावशीचं, बटाट्याच्या पोळ्यांचं लाटणं.
किंमत?
पेन धरून तो थांबला. मागे रांग खोळंबली.
मग लिहिलं: वापरलेलं.

तीन हिवाळे त्याने शाळेची बस चालवली,
रात्री रस्त्यावरचा बर्फ ढकलला,
तेव्हा कुठे तिकिटं झाली.
सासेबोला उतरलो तर धक्का रिकामा.
जहाज परवाच गेलं.
कुठे, ते सांगता येत नाही.
केव्हा येईल, तेही नाही.
फाटकावरचा पोरगा फार अदबीने बोलत होता,
हनुवटीवर वस्तरा लागलेला.
तुझी आई कुठे असते रे, असं ओठांवर आलं.
विचारलं नाही.

किल्ली घरमालकिणीकडे. हिसानो-सान,
माझ्या खांद्याएवढी, आणि एकशे चार पायऱ्या
आमच्या पुढे पुढे चढून गेली.
व्हर्लिनचे बूट दाराशी फळीवर मावेनात.
त्यांना बाहेर वर्तमानपत्रावर जागा मिळाली,
कुणी मोठा पाहुणा असल्यासारखी.

मी तिच्या गादीवर झोपले, तो जमिनीवर.
नळ गळत होता.
टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.
तिसऱ्या रात्री तो उठला,
खिशातली सुरी, माझी केसांची पिन,
आणि हार्डवेअरच्या दुकानात दिवसा
हातवारे करून आणलेला रबरी वायसर.
पहाटेपर्यंत घर गप्प झालं.
फार दिवसांनी मी त्याला शीळ घालताना ऐकलं.

ती जेवते त्या खाणावळीत गेलो.
मालकाने फोटो पाहिला, "मारितो! मारितो!"
आणि भिंतीलगतचं एक स्टूल पुढे ओढलं.
तिथेच बसते म्हणे.
आम्ही दोघं उभेच.
शेवटी व्हर्लिनच्या गुडघ्याने निकाल दिला.

हिसानो-सान संध्याकाळी संत्री घेऊन येई.
फोनमध्ये बोलायची, फोन आमच्याशी बोलायचा:
"तुमची मुलगी कचरा अचूक वेगळा करते."
इतकी वर्षं शाळेतल्या बाई जे सांगत आल्या
त्यातलं काहीच मला इतकं आवडलं नव्हतं.
तिच्या नवऱ्याचं विचारलं.
ती थोडं बोलली. फोन म्हणाला,
"मासेमारी. तो पाणी आहे."
पुन्हा विचारून पाहावंसं वाटलं नाही.
संत्री सोलत बसलो. साली कुठल्या पिशवीत,
ते तिने दाखवलं.

नवव्या दिवशी निघालो.
धक्का तसाच. एक बगळा,
आणि दोरखंड बांधायचे रिकामे खुंटे.
व्हर्लिनने एकावर हात ठेवला.
तापलेला होता, म्हणाला.
बस.

सहा आठवड्यांनी मारितचा निरोप:
फ्रिजमधली संत्री वाळली, तरी खाल्ली.
उशीला तुझा वास येतोय.
आणि नळ कुणी दुरुस्त केला?
जहाजावर सतत काही ना काही वाजत असतं.
इथे तेवढाच एक आवाज होता,
आता झोप येत नाही.

व्हर्लिनने दोनदा वाचलं. काही न बोलता
कोटाच्या आतल्या खिशातून
जुना वायसर काढून टेबलावर ठेवला.
का आणला होता, कोण जाणे.
मीही विचारलं नाही.

या महिन्याच्या खोक्यात मोज्यांखाली तो आहे.
कागदावर त्याने लिहिलं:
रबरी वायसर, एक, झिजलेला. किंमत शून्य.
पोस्टातली बाई चष्म्यावरून बघत म्हणाली,
शून्य चालत नाही.
काहीतरी लिहा.